साडूभाऊंचं शीतयुद्ध

वीज गेली की आपल्या घरांतून पहिली आरोळी उठते ती मेणबत्तीसाठी नसते. "फ्रिज उघडू नका रे!" ही ती आरोळी. आणि ती उठल्याबरोबर घरातल्या प्रत्येकाला फ्रिजमधलं काहीतरी तातडीने लागतं. संध्याकाळभर ज्याला तहान नव्हती त्याचा घसा कोरडा पडतो. आजोबांना डोळ्यांत घालायचे थेंब आठवतात. कुणीतरी अंधारात जाऊन दार अगदी एवढंसंच उघडतं, आतला दिवा लागत नसल्यामुळे काहीही न दिसता ते लावतं, आणि कुणी विचारण्याच्या आत "मी नाही हं उघडला" असं जाहीर करतं.

दार बंद ठेवलं तर फ्रिज चारेक तास गारवा धरून ठेवतो म्हणतात. मराठी कुटुंबाने तो सलग चार तास बंद ठेवल्याचं माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे हा आकडा आपल्यापुरता ऐकीवच धरावा.

पण ज्या घरातून वीज जाण्याचा प्रश्नच नाही, कारण ती मुळात आलेलीच नाही, तिथे काय करायचं? या विषयावर आमचे साडूभाऊ ग्रंथ लिहू शकतील. अजून लिहिलेला नाही, पण मला तो तोंडी सबंध ऐकवून झालेला आहे.

साडूभाऊ अस्सल नागपूरचे. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसाला जी दोन-तीन स्वप्नं पडतात त्यांतलं समुद्राचं स्वप्न त्यांना पडलं आणि त्यांनी दापोली तालुक्यात एक जागा घेतली. जागा झकास. माड, पोफळी, चिऱ्याचं घर, विहीर. फक्त विजेचा शेवटचा खांब शेजारच्या काकूंच्या अंगणात येऊन थांबलेला. मधे ओढा आणि कुणाकुणाची कलमं. तिथून पुढे खांब टाकत आणायचा तर काय खर्च येईल हे साडूभाऊंनी ज्या दिवशी ऐकलं, त्याच संध्याकाळी त्यांनी स्वावलंबनाचं तत्त्वज्ञान स्वीकारलं.

"वीज पाहिजेच काहून?" ते मला फोनवर म्हणाले. "उजेडाले कंदील आहे. वाऱ्याले समुद्र आहे. राहून राहिला एक फ्रिज. त्याचं मी पाहून घेतो."

त्यावर आमच्या मेहुणीबाईंनी, म्हणजे ताईंनी, नागपूरच्या घरातला फ्रिज रिकामा करायला घेतला. हे काम प्रत्येक कुटुंबाने एकदा करून पाहावं. आत सापडलं ते असं: दगड झालेला मेंदीचा कोन, टॉर्चचे सेल, नेलपॉलिश, गेल्या गणपतीतलं गंगाजल, अर्धं लिंबू, दुसरं अर्धं लिंबू (ही दोन अर्धी एकाच लिंबाची नव्हती), कुठल्याशा विमानातून आणलेली लोण्याची चिमुकली वडी, आणि वाटीवर वाटी झाकून ठेवलेली दोन चमचे भाजी. ही दोन चमचे भाजी प्रत्येक फ्रिजमध्ये असते. ती कुणी खात नाही आणि टाकतही नाही. टाकायला मन धजेपर्यंत ठेवायची सोय म्हणून फ्रिज असतो, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तर दापोलीला मुक्काम हलला तेव्हा सामानात नागपुरी माठ होते. एक मोठा आणि एक त्याच्या पोटात मावेल असा लहान. मधे ओली वाळू. मोहम्मद बाह अब्बा नावाच्या नायजेरियातल्या एका शिक्षकाने माठात माठाची ही युक्ती आपल्या मुलखात गावोगाव पोचवली आणि २००० साली त्याला रोलेक्सचा पुरस्कार मिळाला, हे साडूभाऊंना कुठूनसं कळलं होतं. एरवी तीन दिवसांत सुकणारी वांगी या माठात सत्तावीस दिवस टिकली असा त्याचा दाखला होता.

"सत्तावीस दिवस!" साडूभाऊ म्हणाले.

"म्हणजे सत्तावीस दिवस वांगीच?" ताईंनी विचारलं.

शास्त्र साडूभाऊंच्या बाजूने होतं. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, वाऱ्याने उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. थोडीथोडकी नव्हे. एक लिटर पाणी असं उडालं तर त्यात सात किलो बर्फ वितळेल एवढी उष्णता खर्ची पडते. नागपूरकराला हे शाळेत शिकावं लागत नाही. वाळ्याच्या ताट्या, गवताचे कूलर, ट्रकच्या आरशाला लटकवलेली कॅनव्हासची छागल, दारातला रांजण, यांच्या जिवावर तर विदर्भाचा मे महिना निभतो. माणूस तिकडे उन्हातून येतो, माठातलं वाळा घातलेलं पाणी पितो आणि आणखी एक दिवस जगायला तयार होतो.

फक्त एक गोष्ट नागपुरात कुणी सांगत नाही, कारण तिथे ती सांगायची वेळच येत नाही. पाणी उडून जायला हवेत जागा असावी लागते. नागपुरात पारा ४५ वर आणि हवेतली ओल १५ टक्के असली, तर ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक २४ अंशांच्या आसपास उतरतो. म्हणजे माठाला तिथवर जायला वाट मोकळी. दापोलीत पारा ३३ आणि ओल ७५ टक्के असली, तर तोच तापमापक २९ वर अडतो. त्याच्या खाली जायचं माठाने कितीही मनावर घेतलं तरी जमत नाही. आणि हे झालं मे महिन्याचं. पावसाळ्यात तर कोकणची हवा स्वतःच पाणी ठेवायला जागा शोधत असते.

चौथ्या दिवशी वांग्यांना लव फुटली.

"माठ पाणी सोडून राहिला," साडूभाऊ म्हणाले, "पण थंड नाही होऊन राहिला."

शेजारच्या काकू कुंपणापलीकडून पाहत होत्या. "ते पाणी माठाचं नाही हो भाऊ," त्या म्हणाल्या. "ते हवेतलं. आमच्याकडे लोखंडी कपाटालासुद्धा सुटतं."

नागपूरकर एका माठाने हरत नाही. गुजरातेत वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींनी मातीचा अख्खा फ्रिज घडवला आहे. २००१ च्या भूकंपानंतर वर्तमानपत्रात फुटक्या माठाचं छायाचित्र आलं, खाली 'गरिबाचा फ्रिज फुटला' अशा अर्थाची ओळ होती, आणि त्यावरून त्यांच्या डोक्यात हे आलं. तो फ्रिज साडूभाऊंनी मागवायचं ठरवलं होतं, पण तोही पाणी पाझरूनच गार होतो हे कळल्यावर त्यांनी तो बेत मुकाट्याने मागे घेतला. मग दिल्लीच्या पुसा संस्थेचा शीतकक्ष. विटांच्या दोन भिंती, मधे साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत ओली वाळू, वर वाळ्याचं झाकण. शेतकऱ्याची भाजी बाजारचा दिवस उजाडेपर्यंत ताजी राहावी म्हणून केलेली ही फार शहाणी आणि स्वस्त गोष्ट आहे, आणि कोरड्या मुलखात ती उत्तम चालते. दापोलीत ती बेडकांना आवडली. साडूभाऊ सकाळी झाकण उचलून भेंडी काढायला गेले की आतून आठ-दहा डोळे त्यांच्याकडे पाहत. कक्षात भाजी टिकली नाही. बेडूक मात्र उत्तम टिकले.

मधे काही दिवस अकबर बादशहा आला. त्याच्या दरबारी सोरा विरघळवलेल्या पाण्यात सुरई फिरवून पिण्याचं पाणी थंड करत, हे आईन-ए-अकबरीत लिहिलेलं आहे. साडूभाऊंनी दापोलीच्या बाजारात जाऊन पाच किलो सोरा मागितला. दुकानदाराने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळूच विचारलं, "विहिरीचा सुरुंग, की डुकराचे गावठी बॉम्ब?" त्या दिवसापासून अकबर मागे पडला.

विहिरीवरून आठवलं. विहिरीत आंबे, कलिंगडं सोडायची रीत जुनीच. खोल पाण्याचं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास राहतं, आणि कोकणची सरासरी सत्तावीसच्या घरातली. म्हणजे तळपत्या दुपारी कलिंगड बरं लागेल एवढं गार. दुधाने भरवसा ठेवावा एवढं नव्हे. पण साडूभाऊंनी दूध, लोणी, कोथिंबीर अशा तीन कळश्या तीन दोरांना बांधून विहिरीत सोडल्या. सकाळच्या चहाला दूध हवं तर रहाट ओढायचा. दोर एकमेकांत गुंतत, चहा म्हणून कोथिंबीर वर येई. एकदा लोण्याची कळशी सुटून तळाला गेली आणि वाडीतली सहा माणसं अर्धा दिवस गळ टाकून लोणी काढत बसली. विहिरीतून घागर काढणं सगळ्यांना माहीत आहे, लोणी काढण्याचा अनुभव कुणाला नव्हता. वर आलं तेव्हा त्याचं काय करायचं यावर मतभेद झाले आणि शेवटी ते दरवाजांच्या बिजागऱ्यांना लावलं.

मग बर्फ. हर्णै जवळ, बंदरावर लिलाव, बोटींसाठी बर्फाच्या लाद्या. साडूभाऊंनी फ्रेडरिक ट्युडरचं चरित्र मला चहाच्या दोन कपांत सांगितलं. हा बॉस्टनचा माणूस अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, गलबतातून जगभर विकत असे. १८३३ साली त्याने कलकत्त्याला १८० टन बर्फ धाडला. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडलं, आणि शंभरेक टन बर्फ शाबूत पोचला. पुढच्या वर्षी तो मुंबईत आला. जमशेटजी जीजीभॉयांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'ने दिली. मद्रासच्या समुद्रकाठी तो बर्फ साठवायची इमारत अजून उभी आहे. पुढे विवेकानंद तिथे राहिले. आपण 'दीड टनाचा' एसी म्हणतो तो टनदेखील बर्फाचाच. दिवसभरात एक टन बर्फ वितळायला लागेल तेवढी उष्णता ओढणारं यंत्र, अशी ती जुनी मोजणी.

"बॉस्टनहून कलकत्त्याले अर्ध्याहून जास्त पोचला," साडूभाऊ म्हणाले. "हर्णै तर हे इथं आहे."

ट्युडरकडे गलबत होतं, साडूभाऊंकडे स्कूटर. गोणपाटात बांधलेली लादी पायाशी ठेवून ते निघत, घाट चढता चढता बूट भरत, आणि घरी पोचेपर्यंत लादीचा खडा झालेला असे. पुढे भुशाची पेटी वगैरे करून त्यांनी बऱ्यापैकी बर्फ घरात आणला हे मान्य करायला हवं. पण तो बर्फ आयुष्यभर मासळीच्या सहवासात वाढलेला. त्या पेटीत ठेवलेल्या बासुंदीला बांगड्याचा वास आला तेव्हा ताईंनी पेटी उचलून थेट कोंबड्यांच्या खुराड्यात नेऊन ठेवली.

या सगळ्या काळात शेजारच्या काकूंच्या घरी मात्र सुरळीत चाललं होतं. त्यांच्याकडे वीज होती आणि फ्रिजसुद्धा होता, मुंबईच्या मुलाने घेऊन दिलेला. काकूंनी तो कधी लावलाच नव्हता. त्यात साखर, गूळ, बेदाणे, बँकेचं पासबुक आणि रेशनकार्ड असे. "दार घट्ट लागतं, मुंगी शिरत नाही," एवढंच त्याचं कौतुक. "लावला तर घुर्र करत बसतो. झोप येत नाही मला."

"पण मग जिन्नस टिकतात कसे?" मी त्यांना विचारलं.

काकूंनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "ठेवायला उरतंच कशाला? मोजून शिजवावं. आणि उरणारच असेल तर त्याला आधी वाळवावं, खारवावं, नाहीतर आंबट करावं. थंड करून काय होतं? थंड केलेलं उद्या पुन्हा गरमच होणार ना!"

मी ते घर हिंडून पाहिलं आणि मला साडूभाऊंची खरी अडचण कळली. ते सगळे दिवस थंडीच्या मागे होते, आणि त्या घरात थंड असं काहीच नव्हतं. आढ्याला केळीच्या सोपाने बांधलेली तवशी टांगलेली. माळ्यावर भोपळे एकमेकांना न टेकता बसलेले. मडक्यात आमसुलं, डब्यात आंबापोळी आणि फणसपोळी, बरणीत मिठाच्या पाण्यातले गरे आणि कैऱ्या, मातीत घोळवलेल्या आठळ्या, सांडगे, कुरडया. मागच्या पडवीत सुकट आणि बोंबील. मे महिन्याची सगळी उन्हं कोकण या कामात घालवतं. पाऊस लागायच्या आत आगोट भरली नाही तर पुढचे चार महिने घरात काही वाळत नाही, कपडेसुद्धा. जिवाणूंना जगायला पाणी लागतं. ते काढून घ्या, किंवा मिठाने अडवून धरा, किंवा आधीच एवढं आंबट करा की त्यांना तिथे राहवणार नाही. काकूंनी जिवाणू हा शब्द ऐकला नव्हता, पण त्यांची राहण्याची सोय कुठे होते आणि कुठे नाही याची त्यांना संपूर्ण माहिती होती.

दुधाचं तर बघण्यासारखं. सकाळी आलेलं तापवलं. दुपारी पुन्हा तापवलं. रात्री विरजलं. सकाळी घुसळलं, ताक झालं, ते वाडीला वाटलं. लोणी साठलं, कढवलं, तूप झालं, आणि तुपाला महिनोन्‌महिने कुणी विचारत नाही. दूध नासायच्या विचारात असतं तोवर काकू चार पावलं पुढे गेलेल्या असत. फ्रिजवाल्या घरात दूध असतं तिथेच उभं राहतं आणि आपण पिशवीवरची तारीख वाचत बसतो. विरजणासाठी शिंकाळंही टांगलेलं होतं, त्याच्या बरोबर खाली मांजर बसलेलं होतं, आणि दोघांनाही आपापला हुद्दा मान्य होता.

हे सगळं मी साडूभाऊंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ते परंपरा झाली," ते म्हणाले. "मी तंत्रज्ञानावर काम करून राहिलो."

तंत्रज्ञान पुढच्या महिन्यात मुंबईच्या भंगार बाजारातून टेंपोत बसून आलं. रॉकेलवर चालणारा जुना फ्रिज! आजच्या पोरांना हे खोटं वाटेल, पण स्वीडनमधल्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली असा फ्रिज केला. त्यात मोटर नाही, फिरणारं काही नाही. नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. खाली ज्योत लावायची. तिच्या आचेने अमोनिया पाण्यातून सुटतो, वर जातो, थंड होऊन द्रव होतो, मग हायड्रोजनच्या सोबतीत पुन्हा वायू होताना आतली उष्णता ओढून घेतो आणि मुकाट्याने पाण्यात परततो. खाली आग, वर बर्फ. दूरच्या दवाखान्यांत आणि मिशनच्या बंगल्यांत हे फ्रिज वर्षानुवर्षं चालले. खुद्द आईन्स्टाईनलाही या प्रकाराचा नाद लागला होता. बर्लिनमध्ये फ्रिजमधून गळलेल्या विषारी वायूने एक कुटुंब मेल्याची बातमी त्याने वाचली आणि लिओ झिलार्डबरोबर बिनमोटरचे फ्रिज करायला बसला. १९३० साली त्यांना त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं.

"आईन्स्टाईन!" साडूभाऊ माझ्याकडे बोट रोखून म्हणाले. जणू मी इतके दिवस आईन्स्टाईनच्या विरोधात होतो.

या फ्रिजची एकच अट असते. तो अगदी सपाट उभा राहावा लागतो, नाहीतर आतल्या द्रवाची वाट चुकते आणि थंडावा बंद. कोकणातल्या सारवलेल्या खळ्यात किंवा चिऱ्याच्या घरात सपाट जागा ही केवळ कल्पना आहे. गवंडी पाणसळ घेऊन आला. फ्रिजच्या एका पायाखाली नाणं, मग नाण्याखाली पत्रा, मग पत्र्याखाली ताईंची पाककृतींची वही असं करत बुडबुडा मधोमध आला. रॉकेल कुठे मिळेना म्हणून जोडणी गॅसची करून घेतली. आणि खरोखर दुसऱ्या दिवशी आत पाण्याचा बर्फ झाला! साडूभाऊंनी तो बशीत घालून वाडीभर फिरवला. आठवड्याभरात सिलिंडर संपत आला तेव्हा ताई म्हणाल्या, "अहो, गॅस जाळून भाजी गार करायची, आणि मग गॅस जाळून गरम करायची. ती तशीच ओट्यावर राहिली तर दोन्ही वाचतंय."

यावर आईन्स्टाईनकडेही उत्तर नव्हतं.

सौरऊर्जेचं मी सुचवून पाहिलं. पत्रे बसवा, बॅटरी घ्या, छोटा डीसी फ्रिज घ्या, वर उघडणारा असला तर उत्तमच. गार हवा जड असते, पुढून दार उघडलं की ती पायांवर सांडते, वरून उघडलं तर आतच बसून राहते. साडूभाऊंनी दोन आक्षेप घेतले. पहिला, जूनपासून सूर्य दापोलीत राहत नाही. दुसरा, "ते विकतचं झालं. त्यात माह्यं काय?"

मग एकाएकी माठ चालू झाला.

काय झालं कळेना. साडूभाऊंनी वाळूत लोणारी कोळसा मिसळला होता, त्याचा गुण म्हणावा तर तोही पटेना. पण माठातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार. वांगी टवटवीत. लोणी घट्ट. कोथिंबीर बागेतून आत्ता खुडल्यासारखी. साडूभाऊ रोज सकाळी सातला उठून तापमान घेत आणि वहीत लिहीत: १४, १२, १५. मी फोनवर २९ अंशांची गोष्ट पुन्हा काढली. "तुमचं पुस्तक कोळशाचं नाही," ते म्हणाले. आजूबाजूच्या वाड्यांतून माणसं माठ बघायला येऊ लागली. ती आपले माठ घेऊन तशीच वाळू, तसाच कोळसा भरत, आणि त्यांची वांगी मात्र नासत. साडूभाऊ म्हणत, हाताचा गुण असतो.

अशात २०२० चा ३ जून आला. निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं आणि दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्याची दैना झाली. कौलं उडाली, पत्रे उडाले, पन्नास-पन्नास वर्षांची कलमं आणि माड-पोफळी आडव्या झाल्या. हे विनोदाने सांगण्यासारखं नाही. विजेचे खांब तर काड्या मोडाव्यात तसे मोडले होते, आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. मोबाईल लागायला लागले तसा पहिला फोन साडूभाऊंचा. आम्ही जिवाच्या आकांताने विचारलं, सगळे ठीक आहात ना?

"माणसं ठीक," ते म्हणाले. आवाज पडलेला. "घराची कौलं गेली ती होऊन जाईल. पण माठ बंद पडला."

"म्हणजे? फुटला?"

"फुटला कुठं! धडधाकट आहे. पण वादळाच्या दिवसापासून थंडच नाही होऊन राहिला. आज पाहिलं, २८."

मी काही बोललो नाही. फोन ताईंनी घेतला, मग आमच्या सौ.ने घेतला, मग दोघी बहिणी कुजबुजत बोलत राहिल्या. फोन ठेवल्यावर सौ. हसत हसत खाली बसली आणि मग मला सगळं कळलं. वांगी, लोणी, कोथिंबीर रात्री कुंपण ओलांडून काकूंकडे मुक्कामाला जात आणि पहाटे साडेपाचला परत येत. येताना बरोबर काकूंच्या फ्रिजमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली. ती सहापर्यंत माठात बुडवून ठेवायची आणि साडूभाऊ उठायच्या आत काढायची. काकूंनी ताईंच्या संसारासाठी आपला फ्रिज लावला होता, त्याची घुर्रघुर्र सोसली होती, आणि पासबुक डब्यात हलवलं होतं. अख्ख्या तालुक्याची वीज गेली त्यात वीज नसलेल्या माठाचीही गेली.

"मग सांगून टाका की त्यांना," मी म्हणालो.

"कशाला?" सौ. म्हणाली. "ताई म्हणते, इतक्या वर्षांनी ते घरात काही करतायत आणि ते करताना खूश असतात."

साडूभाऊंनी कारण स्वतःच शोधून काढलं. वादळाने हवेतली ओल वाढली आणि कोळसा सादळला. ताईंनी मान डोलावली. काकूंनी कोळसा उन्हात घालायचा सल्ला दिला. ऊन नव्हतं. तोवर घरात ताईंनी काकूंच्याच पद्धतीने चालवलं होतं: मोजून शिजवलं, दूध दोनदा तापवलं, ताक केलं, आंबापोळी खाल्ली, आणि साडूभाऊंच्या नकळत त्यांचं वजन थोडं उतरलं.

पुढे खांब उभे राहिले, तारा ओढल्या गेल्या आणि काकूंच्या घरी एका दुपारी दिवा लागला. जुलै महिना होता. बाहेर धो धो पाऊस. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला साडूभाऊंचा फोन.

"चालू झाला!"

"काय?"

"माठ! आज तेरा अंश. मी म्हटलं होतं ना तुम्हाले, हवा कोरडी पडली का होते म्हणून!" मागे पावसाचा आवाज एवढा होता की ते ओरडूनच बोलत होते. "आता वेळ घालवायचा नाही. आईन्स्टाईननं काढलं तसं पेटंट काढून टाकतो. तुमच्या ओळखीत कोणी पेटंटवाला वकील आहे काय?"

मी उत्तर जुळवत होतो, एवढ्यात मागून ताईंचा आवाज आला. "अहो, मी काकूंकडे जाऊन येते हं. छत्री घेतलीय. ती वांगी नका हलवू तिथून."